ऑक्सिजन ब्लीच घरात वापरतेय, तीच पावडर कमळाच्या टाक्यात टाकली तर मासे जगतील का?

सुपारीची_बाग
नमस्कार मंडळी, इथे वाचते नेहमी पण लिहितेय पहिल्यांदाच. आम्ही गुहागरजवळ राहतो, आगरात सासऱ्यांनी हौसेने बांधून घेतलेलं सिमेंटचं टाकं आहे, त्यात कमळ, दोन कुंड्या कुमुद आणि भरपूर गप्पी मासे, शिवाय माझ्या मुलाने हट्टाने आणलेले चार गोल्डफिश. पाऊस संपला आणि ऊन तापायला लागलं की दरवर्षी टाक्यात केसांसारखं लांब शेवाळ होतं, हाताने काढलं की आठ दिवसांत परत तेवढंच, यावेळी तर कमळाच्या देठांना असं गुंडाळलंय की नवीन पान वरच येत नाहीये. घराच्या मागच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर पण हिरवा थर आहे, सासूबाई गेल्या आठवड्यात घसरता घसरता वाचल्या.

तर मी कपड्यांसाठी ते ऑक्सिजनवालं ब्लीच आणलंय, डागांवर टाकतात ते. मुलाच्या युनिफॉर्मसाठी आणलेलं, खरंच चांगलं वाटलं. त्यावर लिहिलंय क्लोरीन नाही, पाण्यात ऑक्सिजन सोडतं वगैरे. बहीण म्हणाली की परदेशात लोक हेच तळ्यात टाकतात शेवाळ घालवायला आणि माशांना काही होत नाही. ऑक्सिजन म्हटल्यावर मला पण वाटलं माशांना बरंच असेल की. टाकं साधारण ५००० लिटरचं असेल. किती टाकू? आणि हळदीचे डाग मात्र त्याने लाल झाले ते का, शर्ट गेला का माझा? दोन्ही एकदमच विचारते.

गच्चीतली_बाग
ताई आधी थांबा, ती पावडर टाक्यात टाकू नका!! डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा. कपड्यांसाठी मिळतं त्यात ऑक्सिजन ब्लीच हा एक भाग असतो, बाकी साबणासारखे फेस करणारे पदार्थ, एन्झाईम, सुगंध, कमी गरम पाण्यात काम व्हावं म्हणून घातलेलं आणखी एक रसायन, असं बरंच काही असतं. कपड्याला ते चांगलंच आहे, पण फेस करणारे पदार्थ माशांच्या कल्ल्यांना वाईट. तुमच्या बहिणीने जे ऐकलंय ते चूक नाही, पण तळ्यात वापरतात ते नुसतं सोडियम परकार्बोनेट, त्यात दुसरं काही नाही. ते वेगळं मिळतं, पांढरे बारीक दाणे, वास नाही, ऑनलाईन किलोच्या पिशवीत मिळतं. पिशवीवर घटकांमध्ये एकच नाव असेल तरच घ्या.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या गच्चीत ७०० लिटरची टाकी होती, सहा गोल्डफिश. मी शुद्ध पावडरच आणलेली पण एका रविवारी दुपारी अंदाजाने दोन मुठी टाकली, काय मस्त फसफसलं, शेवाळ तासाभरात पांढरं पडून वर आलं, मी खूश. संध्याकाळी पाणी थोडं गढूळ वाटलं, दुर्लक्ष केलं. सकाळी सहाला चहा घेऊन वर गेलो तर पाच मासे उलटे. त्यातला एक नऊ वर्षांचा होता, माझ्या मुलीएवढा. अजून त्या टाकीत मासे सोडले नाहीयेत मी.

मोरीतला_दगड
हळदीच्या डागाचं मी सांगते. शर्ट गेला नाहीये. हळदीतला रंग सोड्याला किंवा साबणाला लागला की लाल होतो, लहानपणी हळद-चुना कालवून कुंकवासारखं करायचो ना आपण, तेच आहे हे. ऑक्सिजन ब्लीच पाण्यात विरघळलं की त्यातून धुण्याचा सोडा सुटतो म्हणून डाग आधी लाल दिसतो आणि बायका घाबरून लगेच धुऊन टाकतात. तसं करू नका, भिजू दे.

माझी पद्धत: बादलीत ५-६ लिटर गरम पाणी, हाताला चांगलं चटका वाटेल इतकं पण उकळतं नाही, त्यात दोन मोठे चमचे पावडर आधी पूर्ण विरघळवायची, मग कपडा. थंड पाण्यात हे जवळजवळ झोपूनच राहतं, अर्ध्या लोकांची तक्रार असते की काही होत नाही ती यामुळेच. चार-पाच तास ठेवा, रात्रभर ठेवलं तरी पांढऱ्या सुतीला काही होत नाही. मग धुवून ओलाच कडक उन्हात. हळदीचा उरलासुरला पिवळा ऊनच खातं, ऊन नसेल तर अर्धं काम बाकी राहतं.

रेशीम आणि लोकरीला अजिबात नाही, पैठणीच्या काठावर कढी सांडली तरी नाही, ड्रायक्लीनला द्या. रंगीत सुतीचा आतल्या शिवणीचा कोपरा आधी भिजवून बघा. चहाचे कप, थर्मास, स्टीलच्या बाटल्या यांना तर याच्यासारखं दुसरं काही नाही, एक चमचा आणि गरम पाणी, अर्ध्या तासात काळा थर आपोआप सुटतो, घासायला लागत नाही. पण थर्मासला झाकण लावू नका त्यावेळी, आत वायू तयार होत असतो. आणि जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी त्यात बुडवू नका, काळी पडतात, माझी आईची कढई गेली तशी.

विहीर_आणि_रहाट
एवढा खर्च कशाला. आमच्याकडे पूर्वीपासून मोरचूद फडक्यात बांधून टाक्यात फिरवतात, शेवाळ दोन दिवसांत साफ. नाहीतर ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर असते ती चिमूटभर. विहिरीत टाकतात तीच, माणसं पितात ते पाणी, माशांना काय होणार.

फळा_आणि_खडू
वरच्या दादांचा हेतू चांगला आहे पण मला यावर स्पष्ट बोलायला हवं, मी ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि घरी स्वतः कमळं लावतो.

मोरचूद म्हणजे तांब्याचं क्षार. तांबं शेवाळ मारतं हे खरं, पण माशांना, गोगलगायींना ते विषारी आहे आणि किती विषारी हे पाण्यावर ठरतं. जड पाण्यात, म्हणजे देशावरच्या बोअरच्या पाण्यात, त्याचा जोर कमी होतो. कोकणात जांभ्यातून झिरपलेलं विहिरीचं पाणी मऊ असतं, त्यात तेवढंच मोरचूद कितीतरी जास्त मारक ठरतं. एकाच्या टाक्यात चाललं म्हणून दुसऱ्याच्यात चालेल असं नाही ते यामुळे. आणि तांबं संपत नाही, तळाच्या गाळात साचत जातं, दरवर्षी टाकलं की दरवर्षी भर. टीसीएलचं तर विचारूच नका. माणूस क्लोरीनचं पाणी पितो ते पोटात जातं, मासा ते कल्ल्यांतून थेट घेतो. माणसाला चालणारं क्लोरीन माशाला चालत नाही.

आता परकार्बोनेट. हे म्हणजे धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साईड एकत्र बांधलेले दाणे. वजनाच्या साधारण ३० टक्के पेरॉक्साईड धरा. पाण्यात पडलं की दोन्ही सुटे होतात, पेरॉक्साईड शेवाळाच्या पेशींना जाळतं आणि काही तासांत त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातं, मागे थोडा सोडा राहतो. जातकुळी जुनीच आहे याची, जर्मनीत १९०७ साली पर्सिल नावाची पावडर आली तिच्यातही ऑक्सिजन सोडणाराच पदार्थ होता, परबोरेट, त्यातल्या 'पर' आणि सिलिकेटच्या 'सिल'वरून नाव पडलं. पुढे परबोरेटची जागा परकार्बोनेटने घेतली.

सुपारीची बाग ताई, तुमच्या टाक्याची मापं द्या. ५००० लिटर हा अंदाज मला पटत नाही. लोक टाकं नेहमी मोठं समजतात आणि तिथेच मासे मरतात.

सुपारीची_बाग
बापरे बरं झालं विचारलं. सर, टेप घेऊन मोजलं. आतून लांबी ८ फूट, रुंदी ५ फूट, खोली अडीच फूट पण पाणी २ फुटांपर्यंतच असतं. आत पाच मोठ्या कुंड्या आहेत. आणि एक राहिलंच सांगायचं, त्या चिऱ्याच्या पायऱ्या धुतल्या की पाणी उतारावरून टाक्याकडेच जातं थोडं.

फळा_आणि_खडू
८ गुणिले ५ गुणिले २, म्हणजे ८० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे २२६४ लिटर. कुंड्या आणि गाळ वजा केला की २००० लिटर धरा. तुम्ही ५००० च्या हिशोबाने टाकलं असतं तर अडीचपट झालं असतं.

आता १००० लिटरला १० ग्रॅम टाकलं तर लिटरमागे साधारण ३ मिलिग्रॅम पेरॉक्साईड येतं. तुमच्या टाक्याला म्हणजे २० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजा, चमच्याने नको, दाणे बारीक-जाड असतात. केसाळ शेवाळाला एवढं सगळीकडे पसरून फारसं काही होणार नाही, म्हणून ते शेवाळाच्या पुंजक्यावरच भुरभुरायचं, पंप किंवा कारंजं असेल तर तेवढा वेळ बंद, म्हणजे जिथे हवं तिथे जोर राहतो. एका वेळी टाक्याचा एक तृतीयांश भागच. मग चार-पाच दिवस थांबायचं. पावडर फिल्टरवर टाकायची नाही, तिथले उपयोगी जिवाणू पण जळतात.

मऊ पाण्याचा दुसरा धोका म्हणजे पीएच, पाणी आम्लाकडे आहे की सोड्याकडे याचं माप. पाण्यात क्षार कमी असले की थोड्या सोड्यानेही पीएच पटकन वर जातो, आणि पीएच चढला की माशांच्या विष्ठेतला अमोनिया जास्त विषारी होतो. संध्याकाळी शेवाळाच्या टाक्यात पीएच आधीच चढलेला असतो, म्हणून टाकायची वेळ सकाळचीच, ऊन आल्यावर नऊ-दहाच्या सुमारास. ढगाळ दिवशी नको.

आणि गच्चीतली बाग, तुमच्या माशांबद्दल वाईट वाटलं. तुमच्याकडे दोन मुठींनी एकदम सगळं शेवाळ मेलं. मेलेलं शेवाळ कुजायला ऑक्सिजन खातं, रात्री नवीन ऑक्सिजन करणारं कुणी उरत नाही, पहाटे तो सगळ्यात खाली जातो. पेरॉक्साईड तोवर बहुतेक संपलेलंही असेल. दुपारी फसफसताना मासे ठीक दिसतात आणि पहाटे मरतात, ते असं.

गच्चीतली_बाग
सर इतकी वर्षं मी समजत होतो की पावडरीनेच भाजले. हे कुणी असं सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

पाणथळ
मी नेदरलँड्समध्ये राहते, पाण्याच्या क्षेत्रातच काम, म्हणून भर घालते. इथे २००९ मध्ये कूट्सहाउस नावाच्या एका अख्ख्या तळ्यात हायड्रोजन पेरॉक्साईड सोडलं होतं, लिटरमागे फक्त सुमारे २ मिलिग्रॅम, पण बोटीमागे खास यंत्र लावून अगदी सारखं मिसळत. त्यातलं विषारी निळं-हिरवं शेवाळ काही दिवसांत ९९ टक्के खलास झालं आणि सात आठवडे कमीच राहिलं, बाकीच्या जीवांना फारसा धक्का लागला नाही. कारण निळं-हिरवं शेवाळ खरं तर जिवाणू आहे आणि पेरॉक्साईडला ते हिरव्या शेवाळापेक्षा खूप नाजूक. ताईंचं केसाळ शेवाळ मात्र खरं हिरवं शेवाळ आहे, ते चिवट. म्हणून सर म्हणतात ते बरोबर, थोडं औषध पण जागेवर, आणि आधी हाताने जेवढं निघेल तेवढं काढूनच घ्या. बांबूची काठी घालून पीळ दिला की शेवया गुंडाळाव्या तसं येतं. जेवढं बाहेर काढाल तेवढं आत कुजणार नाही, आणि त्याच्यासोबत त्यातलं खतही बाहेर जातं.

खत कुठून येतंय ते पण शोधा ताई. कमळाच्या कुंडीत शेणखत घातलंय का, माशांना किती खायला घालता, पानं पडतात का. ते चालू राहिलं तर पावडर जन्मभर टाकत बसाल. आणि पाण्याचा अर्ध्याहून जास्त भाग पानांनी झाकला गेला की शेवाळ आपोआप मागे हटतं, त्यामुळे कमळाची पानं मोकळी करणं हे पहिलं काम.

मोरीतला_दगड
पायऱ्यांबद्दल कोणीच बोललं नाही. चिऱ्यावर, कोट्यावर, संगमरवरावर फरशीचं ऍसिड ओतू नका, कोटा आणि संगमरवर तर ऍसिडने खातोच. परकार्बोनेट चालतं. बादलीभर गरम पाण्यात मूठभर, पायऱ्यांवर ओतायचं, अर्धा तास ओलं ठेवायचं, मग खराट्याने घासायचं. हातमोजे घाला, बोटांची सालं निघतात, आणि डोळ्यात उडालं तर भरपूर पाण्याने धुवून सरळ डॉक्टरकडे. पण तुमचं पाणी टाक्याकडे जातं म्हणता तर आधी मातीचा बांध घाला किंवा गोणपाट लावा. आणि ते पाणी तुळशीत, मिरचीच्या वाफ्यात सोडू नका, सोडा मातीला चांगला नाही.

कालवलेलं पाणी उरलं तर ओतून टाका, बाटलीत भरून ठेवायचं नाही. मी एकदा स्प्रेच्या बाटलीत ठेवलेलं, बाटली फुगून रात्री टोपण उडालं, नवरा चोर आला म्हणून उठला. शिवाय दुसऱ्या दिवशी त्यात दम पण राहत नाही. कोकणच्या दमट हवेत तर कोरडी पिशवी पण मऊ पडते, गोळे झाले की चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा, बुडबुडे आले नाहीत तर नुसता धुण्याचा सोडा उरलाय समजा. काचेच्या घट्ट बरणीत भरू नका, मूळ पिशवीतच कोरड्या जागी.

आणि रिन आला किंवा कुठलंही क्लोरीनचं ब्लीच यात मिसळू नका, उसळतं आणि दोन्ही वाया जातात.

बोअरचं_पाणी
लातूरहून. आमचं पाणी इतकं जड की या पावडरीने कपड्यावर पांढरा थर बसतो. आणि पांढरे कपडे पिवळे पडतात ते तर अजून पिवळे झाले, असं का?

फळा_आणि_खडू
पांढरा थर म्हणजे सोडा आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून झालेला चुनखडीचा साका. शेवटच्या खंगाळण्यात थोडं लिंबूसत्व घाला. पिवळेपणा बहुतेक लोहाचा आहे, बोअरच्या पाण्यात लोह असतं आणि ऑक्सिजन ब्लीच त्याचा गंज करून धाग्यात पक्का बसवतं. गंजाच्या डागाला हे कधीच वापरायचं नाही, कपड्याला भोकंही पडतात. तिथेही लिंबूसत्वच, आणि ते कपड्यातून पूर्ण धुऊन काढल्याशिवाय दुसरं काही लावायचं नाही. पांढऱ्या कपड्यांपुरतं टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर सगळ्यात उत्तम.

सुपारीची_बाग
सोळा दिवसांनी लिहितेय, सगळ्यांचे खूप आभार, काय झालं ते सविस्तर सांगते.

शुद्ध पावडर मागवली, घटकांत एकच नाव होतं. आधी मी आणि मुलाने बांबूने शेवाळ काढलं, दोन घमेली भरून निघालं, माडाच्या बुंध्यात टाकलं. मग सकाळी साडेनऊला २० ग्रॅम मोजून एका कोपऱ्यातल्या पुंजक्यांवर भुरभुरली. लगेच बारीक बुडबुडे आले, संध्याकाळपर्यंत शेवाळ फिकट पडून तरंगायला लागलं ते जाळीने काढत राहिलो. मासे दुसऱ्या बाजूला गेले होते पण ठीक.

रात्री एअर पंप लावून झोपलो आणि नेमकी दीड वाजता लाईट गेली. चारला मी उठून टॉर्च मारला तर गप्पी सगळे वर येऊन तोंड उघडझाप करत होते, गोल्डफिश पण. गच्चीतली बाग दादांचं वाचलेलं डोक्यात होतं म्हणून लगेच ह्यांना उठवलं, आणि दोघांनी आळीपाळीने तांब्याने टाक्यातलंच पाणी उंचावरून परत टाक्यात ओतलं, उजाडेपर्यंत, दीड-दोन तास. सासरे पण आले कंदील घेऊन. एकही मासा गेला नाही. दुसऱ्या कोपऱ्याच्या वेळी पंप इन्व्हर्टरवर जोडला आणि पावडर १५ ग्रॅमच घेतली, तेव्हा काही त्रास झाला नाही. तिसरा कोपरा अजून केलेला नाही, गरज वाटत नाहीये, कमळाची चार नवीन पानं वर आलीत.

पायऱ्या गोणपाट लावून धुतल्या, चिऱ्याचा मूळचा तांबडा रंग दिसायला लागला. शर्टाचा डाग गेला, दोन दिवस उन्हात टाकावा लागला.

खताचं कारण पण सापडलं. सासरे रोज जेवण झालं की ताटातली भाताची शितं आणि पोळीचा तुकडा टाक्यात टाकतात, बारा वर्षं झाली या सवयीला, मासे त्यांच्या पावलांच्या आवाजाने जमतात. त्यांना बंद करा म्हणायला मला जीभ रेटेना. त्या पहाटे त्यांनी सगळं स्वतः बघितलंय, तर काल जेवून उठल्यावर त्यांनीच विचारलं, चिमूटभर चालेल का ग. सर, चिमूटभर चालेल का?

फळा_आणि_खडू
चालेल. भात नको, माशांचं तरंगणारं खाद्य आणून द्या त्यांना, दोन मिनिटांत मासे संपवतील एवढंच, आणि दिवसातून एकदा. पावलांच्या आवाजाने जमतील ते तसेच जमतील. आणि तिसऱ्या कोपऱ्याला हात लावू नका, पानांनी सावली धरली की तो भाग तीच सांभाळतील.